टोचलेली सुई, लपवलेला रिपोर्ट

एचआयव्ही आणि हॉस्पिटल यांचा विषय निघाला की लोक हमखास एक प्रश्न विचारतात. डॉक्टरलाच किंवा सिस्टरलाच एचआयव्ही असेल, तर तो आपल्याला होणार नाही का? प्रश्न रास्त आहे. भूल देऊन टेबलावर निजवलेला माणूस स्वतःची राखण करू शकत नाही. त्याची राखण दुसऱ्या कुणीतरी करायची असते आणि ती नीट होते की नाही हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण उत्तर शोधायच्या आधी धोका कोणाकडून कोणाकडे जातो ते पाहायला हवे.

वॉर्डातली सुई रुग्णाच्या शरीरातून बाहेर येते आणि येताना त्याचे रक्त घेऊन येते. तिच्या वाटेत येतो तो सिस्टरचा अंगठा: सलाईन लावताना, रक्ताचा नमुना घेताना, घाईत सुईला परत टोपण बसवताना. ऑपरेशन थिएटरमध्ये टाके घालताना सर्जनच्या डाव्या हाताची तर्जनी टोचली जाते. लॅबमध्ये नळी फुटते. आणि सगळे आपापल्या कामाला लागल्यावर कचऱ्याची पिशवी उचलून चालणाऱ्या मावशीच्या पोटरीला पिशवीतली सुई लागते. ही सुई कुणाची, कोणत्या रुग्णाची, ती केव्हापासून पिशवीत आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. अमरावतीचे इर्विन असो, डफरीन असो, अकोल्याचे सर्वोपचार असो की रतनलाल प्लॉटमधले चार खाटांचे नर्सिंग होम, रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक ठिकाणी या गोष्टी घडू शकतात. एचआयव्हीचा धोका प्रामुख्याने रुग्णाकडून कर्मचाऱ्याकडे जातो. उलट प्रवास फार विरळा आहे. किती विरळा, ते पुढे येईलच.

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचे रक्त लागलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीन इतकी धरली जाते. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडाले तर ती हजारात एकाहूनही थोडी कमी. हिपॅटायटिस बी मात्र याच सुईतून, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात तीसपर्यंत होऊ शकतो. त्याची लस उपलब्ध आहे, तीन डोसांत काम होते, आणि तरीही कंत्राटी सफाई कामगाराला ती मिळाली का हे फार थोड्या ठिकाणी विचारले जाते. सगळी भीती एचआयव्हीच्या वाट्याला गेली आणि जास्त चिवट, जास्त सहज पसरणारा विषाणू बाजूलाच राहिला.

सुई टोचल्यावर काय करायचे याचे नियम साधे आहेत. हातमोजा काढायचा, वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायचा. बोट तोंडात घालायचे नाही, जखम पिळायची नाही, तिच्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचे नाही. मग शक्य तितक्या लवकर, जमल्यास दोन तासांत आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक औषधाची पहिली गोळी घ्यायची आणि २८ दिवस ती रोज चालू ठेवायची. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे आता एकाच गोळीत मिळतात. शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात ही गोळी हाताशी असते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला, डोंगरातल्या आरोग्य केंद्रात रात्री बाळंतपण करताना सिस्टरला सुई लागली, तर मात्र सगळे त्या केंद्राच्या कपाटात काय ठेवले आहे यावर अवलंबून असते. घाट उतरून परतवाडा गाठेपर्यंत दोन तासांचा हिशेब संपलेला असतो.

पण या नियमांच्या पोटात एक अडचण आहे. सुई टोचल्याची नोंद केली की कर्मचाऱ्याची त्याच दिवशी एचआयव्ही तपासणी सुचवली जाते. पुढे लागण झालीच तर ती या सुईमुळे झाली की आधीची होती हे कळावे म्हणून. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच आहे. पण ज्या सिस्टरला आधीपासून शंका आहे, जिचा नवरा काही वर्षांपूर्वी कसल्याशा लांबलेल्या आजाराने गेला, ती काय करते? ती हात धुते, बँडेड लावते आणि कुणाला काही सांगत नाही. ‘सांगतलं तं नोकरी जाईन’ ही वऱ्हाडातली भीती कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त बलवान आहे. त्या सिस्टरची तपासणी राहते, औषध राहते, आणि ती तशीच पुढल्या रुग्णाकडे जाते. रुग्णाची सुरक्षितता आणि कर्मचाऱ्याचा हक्क यांची गाठ पडते ती इथे. नोकरी जाण्याची भीती जितकी मोठी, तितके रुग्ण अधिक असुरक्षित, असे माझे ठाम मत आहे आणि जगभरचा चाळीस वर्षांचा अनुभव पाहिला तर तो याच बाजूला झुकतो.

आता उलट्या प्रवासाकडे येऊ. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डेव्हिड एसर नावाचा दंतवैद्य होता. त्याच्या दवाखान्यात १९८७ मध्ये किंबर्ली बर्गालिस या तरुणीच्या दाढा काढल्या गेल्या. पुढे तिला एड्स झाला. १९९० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हे प्रकरण जाहीर केले आणि तपास वाढत गेला, तसे एसरच्या एकूण सहा रुग्णांमधला विषाणू त्याच्या विषाणूशी जुळला. बर्गालिसने १९९१ मध्ये अमेरिकन संसदेपुढे साक्ष दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात, २३ व्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. देश हादरला. डॉक्टरांची सक्तीने तपासणी करा, लपवणाऱ्याला तुरुंगात टाका, अशा मागण्या झाल्या. त्या मुलीचे दुःख खरे होते, आणि आपल्या बाबतीत हे का घडले हा तिचा प्रश्नही खरा होता. एसरकडून विषाणू रुग्णांपर्यंत नेमका कसा पोचला हे शेवटपर्यंत उलगडले नाही.

या धक्क्यानंतर अमेरिकेत मागे जाऊन शोध घेण्यात आला. एचआयव्ही असलेल्या डॉक्टरांनी, सर्जनांनी, दंतवैद्यांनी ज्यांच्यावर उपचार केले अशा २२ हजारांवर रुग्णांची तपासणी झाली. एसरचे रुग्ण सोडले तर डॉक्टरकडून लागण झालेला एकही रुग्ण त्यांत सापडला नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ एका अस्थिरोग सर्जनकडून एका रुग्णाला लागण झाल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. कृत्रिम खुबा बसवण्याची ती शस्त्रक्रिया १९९२ ची होती आणि ती दहा तास चालली होती. त्या सर्जनच्या ९८३ रुग्णांची तपासणी केली, त्यांत ही एकच लागण निघाली. फ्रान्समध्येच एका नर्सकडून एका रुग्णाला आणि स्पेनमध्ये बार्सिलोनात एका स्त्रीरोगतज्ज्ञाकडून सिझेरियनच्या वेळी एका बाईला लागण झाली. अशा ठळक, तपासून सिद्ध झालेल्या घटना मोजायच्या तर जगभरात मिळून या चारच सांगितल्या जातात. फ्रान्समधल्या सर्जनला आणि नर्सला त्या वेळी स्वतःला एचआयव्ही आहे हे ठाऊकच नव्हते. चौघांपैकी कुणाच्याही शरीरातला विषाणू औषधांनी आटोक्यात आणलेला नव्हता.

औषधांचे महत्त्व आज आपल्याला जितके कळले आहे तितके १९९१ मध्ये कुणालाच कळले नव्हते. ते पक्के ठरवणाऱ्या संशोधनात मराठी माणसांचा वाटा आहे, म्हणून ते इथे सांगायलाच हवे. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातल्या पहिल्या एचआयव्ही बाधितांचा शोध लागला तो डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकारामुळे. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत जो मोठा अभ्यास झाला, त्याचे भारतातले एक केंद्र हे होते आणि दुसरे पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे भोसरीची ‘नारी’. २०११ मध्ये निष्कर्ष आले: लवकर औषधे सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी त्याही पलीकडचे दाखवले. रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही.

इथे एक काळजी घेतली पाहिजे. हा निष्कर्ष शरीरसंबंधांबद्दलचा आहे, तो जसाच्या तसा सर्जरीवर चिकटवता येत नाही. पोटात हात घालून काम करणाऱ्या सर्जनचे बोट कापले आणि रक्त थेट जखमेत पडले, तर तो मार्ग वेगळा आहे. तरी मूळ कारण तेच राहते: रक्तात विषाणू नगण्य असेल तर पोचणार काय? ब्रिटनने याच तर्काने नियम बदलला. तिथे एचआयव्ही असलेल्या सर्जनना आणि दंतवैद्यांना वर्षानुवर्षे बंदी होती. ऑगस्ट २०१३ मध्ये ती उठवण्याची घोषणा झाली आणि २०१४ पासून अट अशी ठरली: औषधे नियमित चालू हवीत, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या २०० पेक्षा कमी प्रती हव्यात, आणि दर तीन महिन्यांनी चाचणी हवी. संख्या वर गेली की त्या प्रकारची शस्त्रक्रिया थांबवायची, खाली आली की पुन्हा सुरू करायची. कामावर कुणाला ठेवायचे हा निर्णय लोकांच्या भीतीवरून उचलून प्रयोगशाळेतल्या एका आकड्यावर आणून ठेवला, ही त्या नियमाची मोठी गोष्ट आहे.

ही अट सगळ्यांना लागू नाही हेही नीट समजून घ्यायला हवे. जिथे सर्जनची बोटे रुग्णाच्या शरीरात खोलवर, नजरेआड असतात आणि तिथेच टोकदार हाड, सुई किंवा पाते असते, अशाच कामांना ती आहे: खुब्याची, छातीची मोठी ऑपरेशने, सिझेरियन, काही दातांची कामे. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, ड्रेसिंग, रक्तदाब पाहणे, औषधे लिहिणे, एक्स-रे, लॅबमधले काम, लसीकरण, वॉर्ड पुसणे, जेवण वाढणे यांतून कर्मचाऱ्याचा विषाणू रुग्णाला जात नाही. आशाताई घरोघर जाते, अंगणवाडीच्या ताई पोरांचे वजन घेतात, वॉर्डातले मामा रुग्णाला स्ट्रेचरवरून उचलतात. त्यांच्या बाबतीत रुग्णसुरक्षेचा प्रश्न निघतच नाही. मग गळचेपी होते ती याच लोकांची का? सर्जनकडे पदव्या असतात, ओळखी असतात, वकील असतो. मामांकडे आणि मावशीकडे कंत्राटदाराचा फोन नंबर असतो.

भारतातला या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला एका डॉक्टरचाच आहे, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. नागालँड सरकारच्या सेवेतला हा डॉक्टर १९९५ मध्ये चेन्नईत एका रुग्णासाठी रक्त द्यायला गेला. रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. त्याचे लग्न ठरलेले होते. बातमी हॉस्पिटलातून बाहेर पडली, लग्न मोडले, आणि लोकांच्या नजरा सोसवेनात म्हणून त्याला कोहिमा सोडावे लागले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘मिस्टर एक्स’ या नावाने चाललेल्या या खटल्याचा निकाल १९९८ मध्ये त्याच्या विरुद्ध गेला. ज्या मुलीशी लग्न होणार तिच्या जिवाचे रक्षण गुप्ततेपेक्षा मोठे, असे न्यायालय म्हणाले. त्यावर न थांबता एचआयव्ही असलेल्याचा लग्नाचा हक्कच तूर्त स्थगित असल्याचेही निकालात आले. तो भाग २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अनावश्यक ठरवला. मुलीला कळायला हवे होते हे मलाही पटते. पण तिला सांगणे आणि साऱ्या गावाला कळणे यांत फार अंतर आहे, आणि त्या डॉक्टरचे आयुष्य त्या अंतरात हरवले. डॉक्टर असून त्याच्या वाट्याला हे आले, तर वॉर्डातल्या सफाई कामगाराने आपला रिपोर्ट कुणाच्या हातात द्यावा?

आपल्या हॉस्पिटलात तर गुप्तता आणखी अवघड. रिपोर्ट काढणारा, फाईल लावणारा, औषध देणारा सगळे एकाच ठिकाणी जेवतात, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. म्हणून ज्याला परवडते तो आपल्या गावाच्या उपचार केंद्रात जातच नाही. अमरावतीचा माणूस अकोल्याला नाव नोंदवतो, अकोल्याचा अमरावतीला किंवा थेट नागपूरला. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे धावणाऱ्या एसटीत आणि पॅसेंजरमध्ये महिन्याच्या ठरावीक तारखेला ‘भावाकडे चाललो’ म्हणून निघालेला एखादा माणूस खरे तर गोळ्या आणायला निघालेला असतो. आरोग्य कर्मचाऱ्याला हे सुद्धा कठीण, कारण दोन्ही जिल्ह्यांतल्या केंद्रांवर त्याच्या ओळखीचे लोक असतात: एकाच बॅचच्या सिस्टर, एकाच प्रशिक्षणाला भेटलेले तंत्रज्ञ. प्रवासाचा दिवस, रजा, खर्च, आणि ओळख पटण्याची धास्ती यांत कधीतरी एक महिना चुकतो. मग दुसरा. औषध चुकले की विषाणू पुन्हा वाढतो. रुग्णाच्या दृष्टीने हाच खरा वाईट परिणाम, आणि तो कुजबुजीतून जन्मतो.

कायदा या बाबतीत, माझ्या मते, समाजापेक्षा बराच पुढे आहे. पायाचा दगड मुंबई उच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये बसवला. एका सार्वजनिक क्षेत्रातल्या महामंडळात हंगामी मजुरी करणाऱ्या माणसाला कायम करायच्या वेळी तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याचे काम गेले. त्याने नाव गुप्त ठेवून दाद मागितली. माणूस काम करायला धडधाकट असेल आणि त्याच्यापासून इतरांना ठळक धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारणे घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याचे नाव पुन्हा यादीत घालायला आणि बुडालेल्या कमाईपोटी ४० हजार रुपये द्यायला सांगितले. त्या काळात मोफत औषधे नव्हती. ती सरकारी केंद्रांत मिळू लागली २००४ पासून. औषध नसलेल्या दिवसांत न्यायालयाने हे म्हटले, म्हणून त्या निकालाचे मोल मला जास्त वाटते.

पुढे २०१७ मध्ये एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संसदेत मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचे तिसरे कलम भेदभावाबद्दल आहे. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. कामावरून काढायचेच असेल तर पात्र आणि स्वतंत्र डॉक्टरचे लेखी मूल्यमापन लागते. या व्यक्तीपासून कामाच्या ठिकाणी लागणीचा ठळक धोका आहे, किंवा ती हे काम करण्यास सक्षम नाही, असे त्यात कारणांसह यावे लागते. त्याची प्रत त्या कर्मचाऱ्याला द्यावी लागते. दुसरे सोयीचे काम देणे मालकाला का परवडत नाही, तेही लेखी सांगावे लागते. ‘ठळक धोका’ म्हणजे काय हे कायद्याने अंदाजावर सोडलेले नाही. रक्त, वीर्य, योनिस्राव, अंगावरचे दूध, मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव, गर्भजल यांसारख्या द्रवांची यादी दिली आहे. घाम, थुंकी, अश्रू धडधाकट कातडीला लागणे या हिशेबात धरलेलेच नाही. म्हणजे मामांच्या हातचा चहा नको म्हणणाऱ्याला कायद्यात आधार सापडत नाही, आणि हातात पाते धरून खोल शस्त्रक्रिया करणाऱ्या, औषध न घेणाऱ्या सर्जनला थांबवायची वाट कायद्यात उघडी आहे.

याच कायद्याचे १९ वे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. रक्ताशी संबंध येणाऱ्या आस्थापनेने आपल्या सगळ्या माणसांना हातमोजे, मास्क, गाऊन अशी संरक्षणाची साधने द्यायची, ती वापरण्याचे प्रशिक्षण द्यायचे आणि सुई टोचल्यावरचे औषध पुरवायचे, हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. प्रत्येक रुग्णाच्या आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या रक्ताला सारखीच सावधगिरी बाळगायची, कोण पॉझिटिव्ह आणि कोण निगेटिव्ह हे न विचारता. खासगी हॉस्पिटलांत ऑपरेशनआधी रुग्णाची न सांगता तपासणी होते आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की दुसऱ्या हॉस्पिटलचा रस्ता दाखवला जातो, अशी तक्रार देशभर जुनी आहे. ज्या भीतीने डॉक्टर रुग्णाला परत पाठवतो, त्याच भीतीने रुग्णाचे नातेवाईक उद्या त्या डॉक्टरला टाळतील. निगेटिव्ह रिपोर्ट पाहून सैल झालेला हात जास्त धोक्याचा, कारण लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तपासणीत विषाणू सापडतोच असे नाही.

वऱ्हाडाला हे अकोल्यात फार कठोरपणे कळले. सप्टेंबर २०२१ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या आठ महिन्यांच्या बाळाला रक्त चढवल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी चौकशीचे आदेश दिले. पुढच्याच वर्षी नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना लागण झाल्याचे समोर आले, त्यातले एक मूल दगावले. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला २०१८ मध्ये डझनावारी लोक पॉझिटिव्ह निघाले, आणि एकच सुई पुन्हापुन्हा वापरणाऱ्या बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. रक्तपेढीत नुसती ॲन्टीबॉडीची तपासणी केली तर ताजी लागण सुटू शकते. विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी ‘नॅट’ तपासणी लागण न सापडण्याचा काळ बराच कमी करते, पण ती देशात सगळ्या रक्तपेढ्यांना सक्तीची नाही. रुग्णांच्या सुरक्षिततेची खरी चाड असेल तर पैसा आणि लक्ष इकडे जायला हवे. एका लहान बाळाला हे भोगावे लागते, आणि आपण चर्चा करतो ती आमच्या वॉर्डातली अमुक सिस्टर गोळ्या कसल्या घेते याची.

रुग्णाला डॉक्टरचा एचआयव्ही रिपोर्ट मागण्याचा हक्क असावा का? मी या प्रश्नावर बराच काळ दोन्हीकडून विचार केला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका सर्जनच्या १९९१ मधल्या खटल्यात न्यायालयाने हॉस्पिटलला दोन गोष्टी सांगितल्या. त्याचा रिपोर्ट फोडला ही हॉस्पिटलची चूक, आणि तरी रुग्णांना कळवून, त्यांची संमती घेऊनच त्याने शस्त्रक्रिया करावी ही हॉस्पिटलची अट रास्त. तो सर्जन त्याच हॉस्पिटलात रुग्ण म्हणून दाखल झाला होता आणि निदान झाल्याच्या काही तासांत सहकाऱ्यांचे फोन सुरू झाले होते. औषधे नसलेल्या त्या काळात संमतीचा आग्रह मला समजतो. आज, विषाणू आटोक्यात असलेल्या सर्जनबाबत, तो आग्रह रुग्णाला काहीही जास्तीचे संरक्षण देत नाही. उलट सांगावेच लागणार म्हटल्यावर सर्जन तपासणीच टाळतो. रुग्णाला मिळायला हवे ते वेगळे आहे: ऑपरेशनमध्ये कुणा कर्मचाऱ्याचे रक्त त्याच्या जखमेत गेले, तर त्याला ते त्याच दिवशी सांगितले जावे, २८ दिवसांची औषधे आणि पुढच्या तपासण्या मोफत मिळाव्यात. रक्त कुणाचे होते हे नाव न घेताही हे सगळे करता येते.

यासाठी लागणारी यंत्रणा आपल्याकडे अर्धी तयार आहे. मोफत औषधे आहेत, विषाणू मोजणारी चाचणी आहे. पण राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा ती होते. सामान्य रुग्णाला तेवढे पुरते. खोल शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसाठी तीन महिन्यांची पाळी लागेल, आणि तो नमुना त्याच्या स्वतःच्या हॉस्पिटलच्या लॅबमधून जाता कामा नये. अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरचा नमुना अमरावतीत आणि अमरावतीच्या डॉक्टरचा अकोल्यात, नावाऐवजी क्रमांकाने तपासला जाणे अवघड नाही. दोन जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांनी बसून ठरवायची गोष्ट आहे.

भीती बाजूला सारून माणसाला कामाला लावण्याचा अमरावतीला इतिहास आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेब, यांनी १९४६ मध्ये शहराच्या कडेला तपोवन उभे केले, तेव्हा कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक घाबरत. तिथे रुग्ण शेती करू लागले, कारखान्यात काम करू लागले, आणि त्यांच्या हातच्या वस्तू शहरात विकल्या गेल्या. पुढे बहुऔषधी उपचार आले आणि काही दिवसांतच रुग्ण संसर्गक्षम राहत नाही हे सिद्ध झाले. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघायला २०१९ उजाडले. औषध निघण्यात आणि भीती निघण्यात इतकी वर्षे जातात. एचआयव्हीच्या बाबतीत तितकी वाट पाहणे मला मान्य नाही.

भेदभावाचा त्रास झाला तर कुठे जायचे, हेही २०१७ च्या कायद्यात लिहिले आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि आरोग्यसेवेच्या आस्थापनेत ही मर्यादा वीसवर आणली आहे. अमरावतीच्या राजापेठेतल्या किंवा अकोल्याच्या रामदासपेठेतल्या मध्यम हॉस्पिटलातही तो असायलाच हवा. पुण्यात २०१५ मध्ये एचआयव्हीमुळे राजीनामा द्यायला लावलेल्या एका औषध कंपनीतल्या महिलेला कामगार न्यायालयाने २०१८ मध्ये कामावर परत घ्यायला लावले. तिला तीन वर्षे लढावे लागले. नव्या कायद्यात राज्याने यासाठी नेमलेल्या लोकपालाने तक्रारीवर ३० दिवसांत आदेश द्यायचा आहे, तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी तर शक्यतो २४ तासांत. वीसपेक्षा कमी माणसांच्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला आत तक्रार अधिकारी नसतो, तिला थेट लोकपालाकडे जाता येते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या, बारा महिनेही पूर्ण न होणाऱ्या करारावरच्या तंत्रज्ञाला आणि कंत्राटदाराच्या हजेरीवरच्या मावशीलाही हाच कायदा लागू आहे, कारण तो नोकरीवरून काढण्याइतकाच नोकरी नाकारण्यालाही लागू होतो. १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.